वचनं पाठ, तरी नापास : जुन्या कराराच्या एका पेपरचं प्रकरण

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका म्हणून काम करणाऱ्या ताईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. उत्तरपत्रिकेतल्या चुका आणि पुढे झालेली सुधारणा यांत फेरफार केलेला नाही. मराठीतून बायबलचा अभ्यासक्रम करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना मी शिकवते. हे विद्यार्थी नोकरी, शेती, घर सांभाळून परीक्षेला बसतात, आणि त्यांतले बरेच जण याच वळणावर अडखळतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ताईंचं वय अडतीस. शिक्षण बारावीपर्यंत. मंडळीत त्या संडे स्कूल घेतात, महिला मंडळात प्रार्थना चालवतात. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं, त्यामुळे इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत वचनं पाठ असणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत आहे. ताईंच्या आजींना लिहिता येत नव्हतं, पण स्तोत्रांमागून स्तोत्रं तोंडपाठ होती. त्याच घरात वाढलेल्या ताईंना ‘जुना करार : परिचय’ (जुना करार म्हणजे बायबलचा पहिला भाग) या पेपरात शंभरपैकी 31 गुण मिळाले. उत्तीर्ण व्हायला 40 हवे होते.

त्यांना धक्का बसला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. निकालानंतर दोन रविवार त्या उपासनेला मागच्या बाकावर बसल्या. “संडे स्कूलच्या मुलांना मी काय तोंड दाखवू, मॅडम?” असं त्यांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, “ताई, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. ती बघितल्याशिवाय आपण काहीच ठरवायचं नाही.”

उत्तरपत्रिकेत काय होतं

पाचही प्रश्न सोडवायचे होते, प्रत्येकी 20 गुण, वेळ तीन तास. पहिलाच प्रश्न होता : आमोसच्या संदेशातील सामाजिक न्यायाची चर्चा करा. आमोस हा जुन्या करारातला एक संदेष्टा, त्याच्याच नावाचं पुस्तक त्यात आहे. ताईंनी साडेचार पानं लिहिली होती. सुरुवातीला आमोस 5:24 (अध्याय 5, वचन 24), न्याय पाण्यासारखा वाहो, हे वचन अचूक, एका अक्षराचाही फरक नाही. त्यानंतर रेशनच्या दुकानातला काटा, गावातली दारू, विधवांच्या जमिनी. तिसऱ्या पानावर “प्रिय बंधुभगिनींनो” अशी सुरुवात करून पश्चात्तापाचं आवाहन. समासात परीक्षकांनी दोन ठिकाणी लाल शाईने लिहिलं होतं : “पुस्तकात कुठे?” गुण 6.

मी ती पानं दोनदा वाचली. प्रवचन म्हणून ती चांगली आहेत, आणि हे मी ताईंना सांगितलंही. ज्या बाईला आमोस वाचून आपल्या गावातला काटा आठवतो, तिला आमोस कळलेलाच नाही असं मी म्हणणार नाही. पण परीक्षकाने विचारलं होतं की आमोस काय म्हणतो. तो कोणत्या राजाच्या काळात बोलला, कुठे उभा राहून बोलला, कोणावर काय आरोप केले, यांतलं साडेचार पानांत काहीच नव्हतं. यराबाम राजाचं नाव नाही, बेथेलच्या उपासनास्थानाचा उल्लेख नाही. जोड्याच्या मोलाने गरिबाला विकणं (2:6) नाही, हस्तिदंती पलंग (6:4) नाहीत, राजधानी शोमरोनातल्या बायकांना ‘बाशानच्या गाई’ म्हणून हाक मारणं (4:1) नाही. गंमत म्हणजे रेशनच्या काट्याचा दाखला त्यांनी दिला, पण खोट्या तराजूवर आमोस स्वतः बोलला आहे (8:5), हे त्यांना त्या घडीला आठवलंच नाही.

दुसरी अडचण वेळेची. पहिल्या उत्तराला सव्वा तास गेला. दुसरं आणि तिसरं कसंबसं झालं, चौथं दीड पानावर तुटलं, पाचव्याला हातच लागला नाही. 20 गुणांचा प्रश्न कोराच राहिला तर उरलेल्या 80 गुणांत 40 मिळवावे लागतात. म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी निम्मं अचूक लिहावं लागतं, आणि घाईने लिहिलेल्या उत्तरांत तेवढं मिळणं अवघड.

वाचन कसं चालायचं

मी त्यांच्या घरी गेले. त्यांचं पवित्र शास्त्र पाहिलं : पिवळ्या, हिरव्या, गुलाबी रेघांनी भरलेलं, समासात तारखा, कुठे मुलाच्या आजारपणाची नोंद, कुठे “प्रभूने ऐकलं”. पंधरा वर्षांचं आयुष्य त्या पानांवर आहे. परीक्षेचा अभ्यासही त्यांनी याच पुस्तकात, याच पद्धतीने केला होता. पहाटे उठून दोन-तीन अध्याय वाचायचे, मनाला भिडलेल्या वचनाखाली रेघ ओढायची, त्यावर प्रार्थना करायची. पेपरच्या आधी संस्थेची टिपणं तीन वेळा वाचली होती. “वाचताना सगळं ओळखीचं वाटत होतं,” त्या म्हणाल्या.

नेमकं हे ओळखीचं वाटणंच फसवतं. सेंट लुइसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे 56 टक्के. ताई पहिल्या गटातल्या होत्या. आपल्याकडे अभ्यास करतो म्हणणारे बहुतेक सगळेच त्या गटात असतात.

रेघांचा आणखी एक परिणाम असतो, आणि तो बायबलच्या विद्यार्थ्यांना खास जाचतो. रेघ नेहमी एका वचनाखाली पडते. वर्षानुवर्षं असं वाचलं की डोक्यात वचनं राहतात, पुस्तकं राहत नाहीत. आमोसच्या नऊ अध्यायांपैकी ताईंना सात-आठ वचनं पाठ होती, पण ती कोणत्या क्रमाने येतात, कोणाला उद्देशून आहेत, आधी काय घडलं, हे सांगता येत नव्हतं. परीक्षा विचारते ती पुस्तकावर.

पहाटेचं वाचन बंद करा, असं मी सांगितलं नाही. ते तसंच, त्याच प्रतीत, त्याच जागी चालू ठेवायचं. अभ्यासासाठी दुसरी, कोरी प्रत घ्यायची आणि रात्री जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चाळीस मिनिटं बसायचं. त्या प्रतीत एकही रेघ ओढायची नाही. अभ्यासाने विश्वास थंडावतो, असं बजावणारी माणसं मंडळीत असतात, आणि ताईंनाही कुणीतरी तसं सुनावलं होतं. मला ते मुळीच पटत नाही. पण दोन्ही वाचनं एकाच वेळी, एकाच पुस्तकात करू गेलं की दोन्हींचं नुकसान होतं, हे मी बघत आले आहे.

कोरा कागद

पद्धत साधी ठेवली. आमोसचे दोन-तीन अध्याय वाचायचे, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून लाल पेनाने सुटलेलं भरायचं. दुसऱ्या दिवशी नवा कागद, कालचं पुन्हा न बघता. तोच भाग पुढच्या रविवारी एकदा आणि महिन्याने एकदा.

पहिला कागद माझ्याकडे आहे. त्यावर चार ओळी : “आमोस मेंढपाळ. न्याय पाण्यासारखा. देव रागावला. शेवटी आशा.” बाकी सगळी लाल शाई. ताईंना तो कागद दाखवायचीही लाज वाटत होती. मी तो मुद्दाम ठेवून घेतला, कारण काय येत नाही हे दाखवणारा तो पहिलाच कागद होता. टिपणं तीन वेळा वाचून हे त्यांना कधीच कळलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या कागदावर नऊ चौकटी आहेत. पहिल्या दोन चौकटींत भोवतालच्या राष्ट्रांवरचे आरोप ओळीने : दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, मग यहूदा, आणि शेवटी फास इस्राएलावरच. पुढे ‘ऐका’ म्हणून सुरू होणारी भाषणं. सातव्यापासून दृष्टांत : टोळ, अग्नी, ओळंबा, उन्हाळी फळांची टोपली, वेदीजवळ उभा प्रभू. शेवटी दाविदाचा पडलेला मंडप पुन्हा उभारण्याचं वचन.

आणि सातव्या चौकटीशेजारी ताईंनी स्वतःहून एक प्रश्न लिहिला होता : “दृष्टांत चालू असताना मध्येच अमस्या याजक कुठून आला?”

मला वाटतं, त्यांचा खरा अभ्यास त्या ओळीपासून सुरू झाला. तो प्रश्न घेऊन आम्ही गटात बसलो. सातवा अध्याय हळूहळू वाचला. टोळांच्या आणि अग्नीच्या दृष्टांतात आमोस विनवणी करतो, याकोब (म्हणजे इस्राएल लोक) लहान आहे, तो कसा टिकेल, आणि परमेश्वर अरिष्ट मागे घेतो. ओळंब्याच्या दृष्टांतात तो विनवणी करत नाही. त्या दृष्टांताचा शेवट यराबामाच्या घराण्यावर तलवार येण्याने होतो (7:9), आणि लगेच पुढच्या वचनापासून बेथेलचा याजक अमस्या राजाकडे तक्रार धाडतो. ताईंनी आणखी एक गोष्ट पकडली. 7:9 मध्ये तलवार यराबामाच्या घराण्यावर आहे. अमस्या राजाला कळवतो की आमोस म्हणतो, यराबाम तलवारीने मरेल (7:11). “याने राजाला नीट सांगितलंच नाही. घराण्याचं नाव घेतलं नाही, थेट राजाचं घेतलं,” ताई म्हणाल्या. गटातले एक निवृत्त शिक्षक ते वचन परत परत वाचत राहिले. त्यांनीही आजवर हे पाहिलं नव्हतं.

इतकं बारकाईने एकदा पाहिलेलं विसरत नाही. पाठांतराला वेगळा वेळ द्यावा लागत नाही.

घरच्या घरी एक सोय आपोआप झाली. सासरे ऐंशीच्या घरातले, दृष्टी गेलेली. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत कीर्तनाची जुनी परंपरा आहे आणि त्यांनी तरुणपणी भरपूर कीर्तनं ऐकलेली. ताई रात्री त्यांना त्या दिवशीचा भाग गोष्टीसारखा सांगू लागल्या, पुस्तक न उघडता. म्हातारबुवा मध्ये मध्ये अडवायचे : “मग त्या याजकाचं पुढं काय झालं?” ताईंना सांगता आलं नाही म्हणून त्यांनी 7:17 उघडलं. अमस्याच्या बायकोवर, मुलांवर, जमिनीवर काय ओढवेल ते वाचून त्या गप्पच झाल्या. “मामांजी, हे वचन मी कधी कुणाच्या प्रवचनात ऐकलंच नाही,” असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. अवघड वचनं आपण वगळत जातो. परीक्षेला बसणाऱ्याला ती वगळता येत नाहीत, आणि हे मला अभ्यासक्रमांचं फार मोठं देणं वाटतं.

सनावळीचा प्रश्न वेगळा होता. इ.स.पू. चे आकडे उलटे मोजायचे, म्हणून ताई 587 ला 722 च्या आधी टाकायच्या. जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे एक रेघ मारून फक्त पाच खुणा केल्या : सुमारे 1000 दावीद, सुमारे 930 राज्याची फाळणी (उत्तरेत इस्राएल, दक्षिणेत यहूदा), 722 शोमरोनचा पाडाव, 587 यरुशलेमेचा नाश, 538 बंदिवासातल्या यहूद्यांना पारसाचा राजा कोरेश याची परत जायची परवानगी. एवढे पाच पक्के, बाकी सगळं त्यांच्या मधल्या जागेत बसवायचं. आमोस आणि होशेय हे संदेष्टे 722 च्या आधी उत्तरेत, मीखा आणि यशया हे त्याच शतकात दक्षिणेत. गृहभेटींच्या वाटेवर त्या एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत एक प्रश्न स्वतःला विचारायच्या. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना ही वचनं बोलत राहा, असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (6:7) आहेच. थोडं थोडं, दिवसभरात विखरून पुन्हा आठवणं हीच ती रीत.

मार्च महिन्यात सगळं कोलमडलं. वर्षअखेरीच्या नोंदी, लसीकरण, घरात लग्न. बरेच दिवस एकही कागद लिहिला गेला नाही. तेव्हा नव्याने वाचायला बसण्यापेक्षा आधी जुन्या भागाचा कोरा कागद काढायला सांगितलं. निम्म्याहून जास्त आठवलं, आणि त्यानेच त्यांचा धीर परत आला.

उत्तर लिहिण्याचा सराव

इथे मी थोडी कठोर होते. उत्तरात “प्रिय बंधुभगिनींनो” येणार नाही. प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा, तो पुस्तकात कुठे आहे तो अध्याय, आणि त्याचा अर्थ. आजच्या काळाशी संबंध विचारला असेल तर सविस्तर लिहा, विचारला नसेल तर शेवटी चार-पाच ओळी. वचन पूर्ण उतरवायची गरज नाही, संदर्भ पुरतो. वचनाचा क्रमांक नक्की आठवत नसेल तर नुसता अध्याय द्यावा; चुकीचा क्रमांक ठोकून देऊ नये.

प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित करायचं. ‘पार्श्वभूमी सांगा’ म्हटलं तर राजा, काळ, समाज. ‘तुलना करा’ म्हटलं तर दोघांना शेजारी बसवून मुद्द्यागणिक बोलायचं, आधी एकाचं सगळं आणि मग दुसऱ्याचं सगळं असं नाही. ‘चर्चा करा’ म्हटलं तर निदान दोन बाजू.

वेळेचा हिशेब पाठ करून घेतला : 180 मिनिटांतली पहिली 10 प्रश्नपत्रिका वाचायला, शेवटची 10 तपासायला, उरलेल्या 160 मधून प्रत्येक उत्तराला 32. बत्तीस मिनिटं झाली की वाक्य पुरं करून खाली जागा सोडायची आणि पुढच्या प्रश्नाला जायचं. घरी घड्याळ लावून लिहिलेली पहिली दोन उत्तरं अर्धवटच राहिली. ताईंचा हात हळू चालतो, त्यांना एरवी नोंदवह्या भरण्यापलीकडे लिहायची सवय नाही. म्हणून मुद्दे कमी केले. सात मुद्दे घाईने लिहिण्यापेक्षा चार नीट लिहायचे.

परीक्षा आणि निकाल

एप्रिलमध्ये पेपर झाला. ताईंनी प्रार्थना केली, मग दहा मिनिटं पेन न उचलता प्रश्नपत्रिका वाचली. आमोस आणि होशेय यांची तुलना विचारली होती. होशेय त्यांचा कच्चा होता. त्यांनी शेवटच्या पानावर दोन रकाने आखले : कुठला, कोणाशी बोलला, आरोप काय, देवाचं चित्र कोणतं, आशा कुठे. आमोस दक्षिणेतल्या तकोवाचा, उत्तरेत जाऊन बोलणारा, होशेय उत्तरेतलाच. एकाचा भर गरिबांवरच्या अन्यायावर, दुसऱ्याचा बआल या परक्या दैवताच्या मागे लागलेल्या लोकांच्या बेइमानीवर. होशेयचा बायको गोमेरशी झालेला संसार आणि मुलांची नावं, अकराव्या अध्यायातलं लेकराला चालायला शिकवणाऱ्या बापाचं चित्र, एवढं आठवलं आणि तेवढंच लिहिलं. 20 पैकी 13. एकूण 58. पाचही प्रश्न लिहून झाले होते.

पण एका उत्तराला 7 च गुण मिळाले, आणि मला त्याच उत्तरावर जास्त बोलायचं आहे. प्रश्न होता पंचग्रंथाच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, रचनेविषयीच्या दस्तऐवज-सिद्धांताचा. जर्मन अभ्यासक युलिउस वेलहाउझेन यांनी 1878 मध्ये हा सिद्धांत ठसठशीतपणे मांडला : ही पाच पुस्तकं वेगवेगळ्या काळातल्या चार मूळ स्रोतांतून एकत्र आली. ताईंना तो माहीत होता. कोऱ्या कागदावर त्यांनी तो दोनदा लिहिलाही होता. पेपरात मात्र त्यांनी सहा ओळींत सिद्धांत उरकला आणि मग दीड पान मोशेनेच सगळं लिहिलं, असा विश्वास मांडला.

मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “मॅडम, मी ते लिहिलं म्हणजे मी ते मान्य केलं असं होईल ना?”

हा प्रश्न मला अनेक विद्यार्थी विचारतात, बहुतेक वेळा दबक्या आवाजात. उत्तर मी दरवेळी तेच देते. दुसऱ्याचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडणं म्हणजे ते स्वीकारणं नव्हे. सिद्धांत मांडणाऱ्यांना तो का सुचला, तेही लिहायचं : नोहाच्या गोष्टीत एका ठिकाणी प्रत्येक जातीतलं एकेक जोडपं (उत्पत्ती 6:19) आणि लगेच पुढे शुद्ध पशूंची सात-सात जोडपी (7:2), जगाच्या निर्मितीच्या दोन कथा, मोशेच्या मृत्यूची हकिकत अनुवादाच्या 34 व्या अध्यायात. या खुणा मजकुरात आहेत, त्या कुणी बाहेरून आणलेल्या नाहीत. मग तुमचा आक्षेप लिहा, पण कारणासह. नंतरच्या अभ्यासकांनीही या सिद्धांतावर बरेच आक्षेप घेतले आहेत, त्यांतला एखादा अभ्यासून मांडला तर परीक्षक त्याचे गुण देतोच. ‘मला पटत नाही’ एवढ्याला गुण नाहीत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच चार वचनांत सांगतो की इतर अनेकांनी वृत्तांत लिहिले आहेत आणि आपण सगळ्याचा मुळापासून शोध घेतला आहे. तपासून लिहिणं पवित्र शास्त्राला परकं नाही, हे दाखवायला ताईंना मी ते वचन दिलं.

त्यांना ते लगेच पटलं, असं मी म्हणणार नाही. “विचार करते,” एवढंच म्हणाल्या. पुढच्या सत्रात त्यांचा पूर्ण पेपर पंचग्रंथावर आहे, म्हणजे हा प्रश्न पुन्हा येणारच. सध्या आम्ही असं ठरवलं आहे : उत्पत्ती 6 ते 9 या चार अध्यायांचा त्यांनी कोरा कागद काढायचा, जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या गोष्टी दोन रंगांत लिहायच्या, आणि सिद्धांताच्या बाजूचं एक, विरुद्ध बाजूचं एक अशी दोन उत्तरं प्रत्येकी 32 मिनिटांत लिहून आणायची. ती दोन्ही उत्तरं निवृत्त शिक्षक तपासणार आहेत. त्यांचं स्वतःचं मत ताईंपेक्षा अगदी वेगळं आहे, आणि तपासायला तेच हवेत, असं ताईंनीच सुचवलं.